बिली वाइल्डर: नुसती पटकथा की दिग्दर्शनही?

१९४१ साली बिली वाइल्डर हॉलिवूडमध्ये चार्ल्स ब्रॅकेटच्या जोडीने फक्त पटकथा लिहीत होते. कागद हातातून सुटला की हक्क संपला. ‘होल्ड बॅक द डॉन’मध्ये नायक झुरळाशी बोलतो, असा त्यांचा सुंदर प्रसंग होता. नायकाची भूमिका करणाऱ्या शार्ल बॉयेला तो पटला नाही आणि दिग्दर्शक मिचेल लायसनने तो गाळला. वाचताना आजही हळहळ वाटते.

१९४२ पासून ते तिथे स्वतः दिग्दर्शन करू लागले. डोक्यावरचा भार वाढला, पण लिहिलेल्या शब्दाला राखणदार मिळाला. पुढे निर्मितीही हाती घेतली. ‘द अपार्टमेंट’साठी (१९६०) निर्माता, दिग्दर्शक आणि सहलेखक म्हणून तीन ऑस्कर मिळाले. मला दुसरी वाटच पटते. जोडीदार मात्र तिथेही लागलाच: आधी ब्रॅकेट, नंतर आय. ए. एल. डायमंड.