शालिमार, ओपियम की शमामा? ग्वाल्हेरच्या थंडीत काय लावायचं

लग्नसराई आली की हा प्रश्न ठरलेला, "उबदार, मसालेदार, थोडा पावडरसारखा वास हवाय, कोणतं घेऊ?" तर आधी हे ठरवा की मसाला पुढे हवाय की पावडर, कारण शालिमार, ओपियम आणि शमामा या तिन्ही सुगंधांमध्ये एक जण मागे सरकतोच.

पावडर हवी असेल तर गेर्लांचं शालिमार, १९२५ सालचं. लावल्या लावल्या बर्गमोटमुळे, म्हणजे एका लिंबूवर्गीय फळामुळे, लिंबाच्या सालीसारखं आंबट-कडसर लागतं आणि तेवढ्यावरच लोक नाक मुरडून बाटली परत ठेवतात, अहो थांबा ना जरा, मनगटावर मारून महाराज बाड्यावर, आपल्या ग्वाल्हेरच्या बाजारचौकात, एक चक्कर टाकून या, मग व्हॅनिला वर येतो आणि त्याच्या खाली आयरिसच्या कंदाची कोरडी, मऊ पावडर. हे कंद काढल्यावर वर्षानुवर्षं सुकवून ठेवावे लागतात, तेव्हा कुठे त्यांना तो वास सुटतो, म्हणून खरा आयरिस इतका महाग. मसाला शालिमारमध्ये जवळपास नाहीच, थोडा धुरकटपणा आहे. आणि रंग गडद आहे, पांढऱ्या कुर्त्यावर मारू नका.

ओपियम, इव्ह सेंट लॉरांचं, १९७७ चं, म्हणजे मसाला. लवंगेत जे युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं तेच कार्नेशनच्या फुलातही, त्यामुळे फूल कुठे संपलं आणि लवंग कुठे सुरू झाली ते नाकाला कळतच नाही, नंतर खालून राळेसारखा गोड-कडू वास येतो आणि पावडर अगदी शेवटी, ती सुद्धा जेमतेम. जुनं वापरलेल्यांना २००९ नंतरचं फिकं वाटतं, पण बंद खोलीत आजही दोन फवारे जास्तच होतात. ऑनलाइन मागवताना नाव नीट वाचा, ब्लॅक ओपियम हे २०१४ चं वेगळंच प्रकरण आहे, कॉफी आणि व्हॅनिला.

आता शमामा. कनौजचं अत्तर, देग-भपक्यात, म्हणजे तांब्याच्या भांड्यात वाफेवर काढलेलं, चंदनाच्या तेलात लवंग, जायफळ, वेलची, जटामांसी आणि चक्क दगडफूल! आपल्या गोड्या मसाल्यातलंच. मी लावून स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई म्हणाल्या, "मसाला भाजायला घेतलास का गं?" ऊब तिन्हींत सगळ्यात जास्त हिच्यात, मातकटपणाही, पण पावडर शोधत असाल तर हा रस्ता नाही. मेळ्यात स्वस्तात मिळणाऱ्या कुपीत चंदनाची आशा ठेवू नका. तेल असतं, पैठणीवर डाग पडेल, फाया करून कानात ठेवा नाहीतर जुन्या शालीच्या आतल्या बाजूला लावा.

उन्हाळ्याचं बोलूच नका, पारा ४५ ला टेकला की तिन्ही डोक्यात जातात, तेव्हा खस बरा.

ऑफिस, हळदीकुंकू, जवळ-जवळ बसायचे कार्यक्रम असतील तर शालिमार. रात्री लॉनवर उघड्यावर रिसेप्शन, वर दात वाजवणारी थंडी, तिथे ओपियम, शालिमार अशा हवेत अंगालाच चिकटून बसतं, शेजारच्याला सुद्धा कळत नाही. मी स्वतः जानेवारीत ओपियमवालीच, पण पहिल्यांदा घेत असाल तर शालिमारची सगळ्यात लहान बाटली घ्या आणि ओपियमचं आधी नुसतं सॅम्पल मागा, लवंग सगळ्यांना सोसते असं नाही, काहींच्या कातडीला खाज सुटते.