नातीची मांडणी : सांगलीत करून घेतलेलं खेळण्यांचं शेल्फ

लहान मुलासाठी खेळण्यांचं शेल्फ घ्यायचं असेल तर मोबाइलवरचे फोटो बघण्याआधी हातात टेप घ्या. मुलाला भिंतीशी उभं करा आणि जमिनीपासून त्याच्या कमरेपर्यंत माप घ्या. वरच्या फळीची उंची तेवढीच हवी, फार तर एक-दोन इंच इकडेतिकडे. ‘मॉन्टेसरी शेल्फ’ म्हणून सध्या जे विकायला येतं, त्यातलं बरंचसं या एका मापावरच बाद होतं. वरचा कप्पा अडीच-तीन फुटांवर असला की अडीच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येते ती फळीची कड. ट्रेमध्ये काय आहे ते त्याला दिसत नाही. ते चवड्यांवर उभं राहून ट्रे ओढतं, ट्रे तोंडावर येतो, आणि घरातलं कुणीतरी धावतं, ‘थांब, मी देते.’ मुलाने आपलं आपण खेळणं घ्यावं म्हणून शेल्फ आणलं, तेच राहून जातं.

मी बालवाडीत शिकवून निवृत्त झाले. सांगलीत गावभागात राहते आणि नात मनू दिवसभर माझ्याकडे असते. तिच्या निमित्ताने घरात तीन प्रकारची शेल्फं येऊन गेली. दोन विकतची होती. तिसरं गल्लीतल्या मिस्त्रींकडून करून घेतलं, आता तेच ठेवलं आहे आणि हे लिहायचं कारणही तेच.

पहिलं म्हणजे वाढदिवसाला भेट आलेला रंगीत प्लॅस्टिकच्या टोपल्यांचा स्टँड. तो दिसतो छान आणि आवरायला मोठ्यांना सोयीचा पडतो, कारण संध्याकाळी सगळं उचलून टोपलीत टाकलं की झालं. पण टोपलीत वरचं तेवढं दिसतं, तळाचं दिसत नाही. मनू टोपली उचलायची, जमिनीवर पालथी करायची आणि पुढच्या टोपलीकडे वळायची. रिकामं करणं हाच तिचा खेळ होऊन बसला होता. त्यात मुलीचा काही दोष नाही. ठोकळ्यांत बाहुलीचा पाय, कोड्याचे तुकडे आणि झाकणं एकत्र पडलेली असतील तर तिने त्यातून निवडायचं काय? अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा याच विषयावरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी देऊन आणि एकदा १६ खेळणी देऊन त्यांनी पाहिलं. चारच खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि तेच खेळणं जास्त तऱ्हांनी खेळली. बालवाडीतल्या कुठल्याही बाईंना हे अनुभवाने माहीत असतं.

दुसरं सुनेने ऑनलाइन मागवलं. दोन फळ्यांचं, पांढरंशुभ्र. उंची बऱ्यापैकी बरोबर होती आणि जोडायलाही सोपं होतं. नडलं ते एमडीएफ. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, त्यात सांगलीचा पावसाळा. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेला बोर्ड, वरून कागदासारखं पातळ आवरण. खालच्या कडेला जिथे आवरण नीट बसलेलं नव्हतं तिथून पाणी शिरलं. पायाशी बोर्ड फुगला, पापुद्रे सुटले आणि अख्खं शेल्फ एका बाजूला कलायला लागलं. तक्रार केली तर पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर आलं. भिंतीला बांधायची पट्टीही खोक्यात नव्हती. ही गोष्ट मला फुगलेल्या बोर्डापेक्षा जास्त खटकली. मूल शेल्फवर चढतंच. शेल्फला भिंतीचा आधार नसेल तर ते मुलासकट पुढे येतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, सारखी बदली होणाऱ्यांना हलकं आणि उघडून नेता येणारं शेल्फ हवं असतं हे मला समजतं. तसं घ्या, पण भिंतीला अडकवायची सोय असलेलंच घ्या. आणि एमडीएफ असेल तर पायांखाली रबरी बुटं बसवून घ्या.

आमच्या भागात बोर्ड निवडताना नदीचाही विचार करावा लागतो. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पाणी पुन्हा आलं. पाणी ओसरल्यावर गल्लीत जे बाहेर काढून टाकलं गेलं त्यात अशा दाबलेल्या बोर्डाची कपाटं किती होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हात लावला की लगदा हातात येत होता. जुन्या सागवानी पेट्या मात्र धुऊन वाळवून आजही वापरात आहेत. म्हणून मिस्त्रींना पहिल्यांदा हेच सांगितलं, बोर्ड मरीन प्लायचाच, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) हा शिक्का बघूनच आणायचा. उकळत्या पाण्यालाही न सुटणारा गोंद त्यात वापरलेला असतो. सागवान परवडत असेल तर उत्तमच, पण या कामाला प्लाय पुरतो.

मिस्त्रींना माप सांगितल्यावर ते टेप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. ‘बाई, एवढं बुटकं? बरं, दारं तरी लावू की. धूळ बसंल.’ दारं नकोत, खणांना पडदेही नकोत, हे पटवायला मी त्यांना रोमची गोष्ट सांगितली. इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी ६ जानेवारी १९०७ ला सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं, तेव्हा साहित्य कपाटात कुलूपबंद असायचं. बाई काढून द्यायच्या, बाईच परत ठेवायच्या. एकदा कपाटाला कुलूप घालायचं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंना यायला उशीर झाला. त्या आल्या तर मुलांनी आपापलं साहित्य काढून काम सुरूही केलेलं. बाईंना ती चोरी वाटली. मॉन्टेसरींना दिसलं ते वेगळंच. मुलांना साहित्य ओळखता येतं आणि काय हवं ते निवडताही येतं. त्यानंतर कुलपाची कपाटं गेली आणि बुटकी, उघडी कपाटं आली. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि दारांचा विषय सोडला.

शेल्फ तीन फूट लांब आहे आणि खोली साडेअकरा इंच. खोली याहून जास्त ठेवली की एका वस्तूमागे दुसरी जाते आणि मागची विसरली जाते. खालची फळी जमिनीपासून तीन इंचांवर, म्हणजे फडकं आतपर्यंत फिरतं. वरची सोळा इंचांवर. बाजू आणि मागची पाटी दोन फुटांपर्यंत वर नेली आहे, त्यामुळे ट्रे सरकवताना मागे काही पडत नाही. फळ्या आणि बाजू पाऊण इंची प्लायच्या, पाठ पातळ. आठ बाय चारच्या अर्ध्या बोर्डात फळ्या आणि बाजू बसल्या. लांबी तीन फुटांपुढे न्यायची असेल तर फळीला मध्ये आधार द्या, नाहीतर ती वाकते. भिंतीला दोन एल अँगल, स्क्रू नुसत्या गिलाव्यात न थांबता विटेत गेलेले. पुराची सूचना आली तर स्क्रू काढून दोघांना ते सहज माडीवर नेता येतं. बोर्ड, पॉलिश आणि मजुरी धरून साडेचार हजारांच्या आत काम झालं.

कडांचं काम मात्र बघण्यासारखं होतं. रंध्याने कडा गोल मारल्या, पॉलिश पेपर फिरवला, आणि मला वाटलं झालं. मग मिस्त्रींनी कापसाचा बोळा मागितला. तो त्यांनी प्रत्येक कडेवरून, प्रत्येक कोपऱ्यावरून सावकाश फिरवला. जिथे कापसाचा तंतू अडकला तिथे पेन्सिलीने खूण केली आणि तेवढ्याच जागी पुन्हा बारीक पेपर मारला. मग पुन्हा कापूस. खालच्या फळीच्या आतल्या कडेलाही, जिथे माझं लक्षही गेलं नसतं. मनूची बोटं नेमकी तिथूनच आत जातात. हे असं काम दुकानाच्या खोक्यात मिळत नाही. पॉलिश पाण्याच्या बेसचं लावलं, तरीही वास पूर्ण जाईपर्यंत शेल्फ ओसरीवर ठेवलं.

आता त्यावर काय ठेवायचं? सहा ट्रे, वर तीन, खाली तीन, आणि दोन ट्रेंमध्ये थोडी मोकळी जागा. ट्रे म्हणजे घरातल्या स्टीलच्या ताटल्या. एकीत पाण्याची दोन फुलपात्रं, एकीत घडी घालायचे रुमाल, एकीत मोठं कुलूप आणि किल्ली. एकीत सावंतवाडीची लाकडी फळं, एकीत खुंटी धरून उचलायचं कोडं आणि एकीत कांदे-बटाटे निवडायची टोपली. तोंडात मावेल असं काहीही नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मणी, शेंगदाणे, सुपाऱ्या देऊच नका, शेल्फ कितीही चांगलं असू दे. विकतचं खेळणं घेताना आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. महागड्या परदेशी साहित्याच्या मागे लागायची गरज नाही. खेड्यातल्या मुलांसाठी बालवाड्या काढणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ पासून शंख-शिंपले, बिया आणि पानं यांच्यावरच मुलांना शिकवलं.

वरच्या फळीच्या बाजूला एक छोटी खुंटी मारून घेतली आहे, तिच्यावर फडकं टांगलेलं असतं. शेल्फचा हा भाग मला सगळ्यात आवडतो. मनू फुलपात्रांची ताटली दोन्ही हातांनी उचलते, पोटाशी धरते आणि पाटापर्यंत चालत जाते. ओतताना जीभ बाहेर. पाणी सांडलं की ती माझ्याकडे बघत नाही, खुंटीकडे जाते. फडकं काढते, जमीन पुसते, ओलं फडकं पुन्हा तिथेच लटकवते, बहुतेक वेळा जमिनीवरच पडतं. मग पुन्हा ओतायला बसते. मी शेजारी भाजी निवडत असते आणि या सगळ्यात माझी काही गरज लागत नाही. ताटली ती नेहमी जागेवर ठेवतेच असं नाही. ठेवावी म्हणून मी ओरडत नाही, मी स्वतः उचलून जागेवर ठेवताना ती बघत असते.

ती एखाद्या ट्रेला बरेच दिवस हात लावेनाशी झाली की तो काढते आणि दुसरा ठेवते. बाकीचं सगळं माडीवर बंद पेटीत. शेल्फवर जागा आहे म्हणून सातवा ट्रे ठेवायचा मोह घरातल्या सगळ्यांना होतो, पाहुण्यांना तर फारच.

कमतरताही सांगते. प्लायच्या उघड्या कडा गडद दिसतात, दिवाणखान्यात शोभेचं फर्निचर हवं असेल त्यांना आवडणार नाहीत. सनमायका मारता येतो, पण त्याची कड सुटली की धारदार होते, म्हणून मी नको म्हटलं. धूळ बसते, मिस्त्री खरंच बोलले होते, रोज पुसावं लागतं. आणि मूल चार-पाच वर्षांचं झालं की वरची फळी बुटकी पडेल. म्हणून बाजूंना आतून वरच्या मापाची भोकं आत्ताच पाडून ठेवली आहेत, फळी उचलून तिथे बसवता येईल.

तुम्ही करून घेणार असाल तर वर आरसा, खाली ड्रॉवर, शेजारी पुस्तकांचा कप्पा असं काही त्याच कामात जोडून मागू नका, उंची वाढत जाते. चाकं तर मुळीच नकोत. मूल धरून उभं राहिलं की शेल्फ सरकतं, आणि भिंतीला अँगल मारताच येत नाही.