सहा व्ही, उलटा काळ आणि पंखा नसलेला मॅक

मॅकवर गेम खेळते म्हटलं की समोरचा हमखास हसतो. मोठमोठ्या लढायांच्या, डिस्क भरून टाकणाऱ्या गेमांबद्दल त्याचं हसू रास्तच आहे. त्या वाटेला मी जात नाही. मला आवडतं ते एका बाजूने दिसणारं जग, त्यात एक छोटंसं पात्र, तीनचार बटणं आणि पलीकडे जायला पायांपेक्षा डोकं जास्त चालवावं लागेल अशी जागा. याला पझल प्लॅटफॉर्मर म्हणतात. दोनचार माणसांनी, कधी एकट्यानेच बनवलेले हे गेम, आणि त्यांच्या बाबतीत मॅकवाल्यांचं फारसं अडत नाही. अडलंच तर गेमच्या वयामुळे अडतं, ताकदीमुळे नाही.

मी पुस्तकांच्या पानांची मांडणी करते. दिवसभर ज्या पंखा नसलेल्या मॅकबुक एअरवर परिच्छेद खालीवर सरकवते, त्याच्यावरच रात्री खेळते, आणि तेही कीबोर्डवर. कंट्रोलर घरात आहे, पण तो भाचीच्या ताब्यात असतो. त्यामुळे खालची मतं कीबोर्डवालीची आहेत असं धरून चाला.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही. यापुढे नुसतं ‘सहा व्ही’ म्हणेन. टेरी कॅव्हना यांचा हा गेम २०१०च्या जानेवारीत विंडोज आणि मॅक दोन्हींवर आला. दिसायला अगदी ऐंशीच्या दशकातला: काळी पार्श्वभूमी, ठळक रंग, ३२० बाय २४०चा पडदा. गोष्टही एवढीशीच. जहाज फुटलंय, पाच सहकारी इकडेतिकडे पांगलेत आणि कॅप्टन व्हिरिडियनने त्यांना शोधायचंय.

यात उडीच नाही. एक बटण दाबलं की गुरुत्वाकर्षण उलटतं आणि कॅप्टन छताला जाऊन चिकटतो. पाय कुठेतरी टेकल्याशिवाय पुन्हा उलटता मात्र येत नाही. सगळा गेम या एका नियमावर उभा आहे. पुढे गेलात म्हणून नवी शक्ती मिळत नाही, हत्यार मिळत नाही. बदलतं ते फक्त आजूबाजूचं जग. कुठे हवेत एक रेघ असते, तिला शिवलं की आपोआप उलटायला होतं. कुठे पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर पडलं की डाव्या कडेतून आत येतो. तोच नियम प्रत्येक ठिकाणी नव्याने शिकावा लागतो, आणि शिकवायला एक अक्षरही खर्ची पडत नाही. मांडणीच्या धंद्यात असल्यामुळे असेल, पण एवढ्या कमी साहित्यात एवढं काम काढलेलं पाहिलं की मला हेवा वाटतो.

एका जागेबद्दल सांगायलाच हवं. एक चमकणारी चकती समोर दिसत असते, हाताच्या अंतरावर. मध्ये फक्त एक ठोकळा, कॅप्टनच्या पायात येईल एवढाच. दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये टुणकन उडी मारली असती आणि विसरून गेलो असतो. इथे उडी नाही. म्हणून वरच्या पोकळीत झेपावायचं, दोन्हीकडून काटे लागलेल्या बोळांतून एकामागून एक पडदे पार करत थेट वर जायचं, तिथे उलटायचं आणि त्याच बोळांतून खाली येऊन ठोकळ्याच्या पलीकडे उतरायचं. या खोल्यांची नावं वेनी, विडी, विकी अशी आहेत. पडद्याच्या तळाशी प्रत्येक खोलीचं नाव येतं, ती नावं बेनेट फॉडी यांनी दिलेली आहेत आणि बहुतेक खवचट आहेत. तुम्ही मेलात की ते नाव तसंच खाली असतं, तुमच्याकडे बघत.

मरण इथे स्वस्त आहे. क्षणात मागच्या चेकपॉइंटवर परत, ना ‘गेम ओव्हर’ची पाटी, ना थांबणं. तरीही जमेना तर सेटिंगमध्ये वेग कमी करता येतो, अगदी अमरही होता येतं. मी वेग कमी करून खेळले आहे आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मॅग्नस पॉलसन यांचं संगीत मात्र बंद करू नका, काट्यांच्या बोळात तेच हिंमत देतं.

मॅकच्या दृष्टीने सहा व्हीची खरी कमाई पडद्यामागे आहे. मूळ गेम फ्लॅश या जुन्या तंत्रात बनवलेला होता. २०११ मध्ये तो सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नव्याने लिहिला गेला. २०२०ला दहा वर्षं झाली तेव्हा त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅमचा मजकूर, सगळ्यांसाठी खुला केला, आणि तेव्हापासून हौशी प्रोग्रॅमर त्याची डागडुजी करत आले आहेत. म्हणून एवढा जुना गेम आजच्या मॅकवर निमूटपणे सुरू होतो. उलटण्यासाठी स्पेस, झेड, व्ही, वरचा-खालचा बाण यांतलं काहीही चालतं. चौकोन चौकोनच दिसावेत म्हणून पूर्ण पटीत मोठं करायची सोयही आहे. मॅकच्या बारीक ठिपक्यांच्या रेटिना पडद्यावर ती चालू ठेवा, नाहीतर कडा धूसर होतात.

हे भाग्य सगळ्यांना मिळालेलं नाही. २०१९च्या ऑक्टोबरात मॅकओएसची कॅटलिना ही आवृत्ती आली आणि तिने ३२ बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीचे, प्रोग्रॅम चालवणं थांबवलं. त्याआधीच्या दहाबारा वर्षांत आलेले कितीतरी छोटे गेम ३२ बिटचे होते, आणि ते बनवणारे एव्हाना दुसऱ्या कामाला लागले होते. ज्यांनी नवी आवृत्ती काढली ते वाचले, बाकीचे विकत घेतलेल्या यादीत नुसते दिसत राहतात. इंटेलच्या जागी ॲपलची स्वतःची एम१ चिप २०२०च्या नोव्हेंबरात आली तेव्हा पुन्हा धाकधूक वाटली होती, पण मॅकओएसमधल्या रोझेटा २ या दुभाष्या प्रोग्रॅममुळे इंटेलसाठी बनलेले ६४ बिटचे गेम नव्या चिपवरही चालतात, आणि या हलक्याफुलक्या गेमांत फरक जाणवतही नाही. ही सोय कायमची मात्र नाही. ॲपलने २०२५ मध्ये सांगितलं की सर्वसाधारण वापरासाठी रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत राहील, त्यानंतर कुणी सांभाळत नसलेल्या जुन्या गेमांसाठी तिचा थोडा भाग ठेवला जाईल. गेमवाल्यांची आठवण ठेवून एक ओळ लिहिली गेली, हेही नसे थोडके.

म्हणून ब्रेइड मी एअरवर खेळतच नाही. कॅटलिनाच्या आधीच्या मोहावे आवृत्तीवरच थांबवलेला एक जुना मॅक मिनी आहे, तो त्यासाठी राखून ठेवलाय. जोनाथन ब्लो यांचा हा गेम आधी २००८ मध्ये एक्सबॉक्सवर आला, मॅकवर २००९ मध्ये. माझी प्रत २०१०च्या डिसेंबरातल्या दुसऱ्या हंबल इंडी बंडल या छोट्या गेमांच्या गठ्ठ्यातली, डीआरएम म्हणजे नक्कलबंदीचं कुलूप नसलेली. स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानाने २०२४ मध्ये मोहावेचा आधार काढून घेतला तरी या प्रतीला काही झालं नाही. तिला सुरू व्हायला कुणाची परवानगी लागत नाही.

ब्रेइडमध्ये मेलात की एक बटण दाबून काळ मागे न्यायचा, हवा तेवढा. चूक पुसता येते म्हटल्यावर कोडी सोपी होतील असं वाटतं, पण होतं उलटं. तिसऱ्या जगात हिरवट चमकणाऱ्या वस्तू येतात, त्यांच्यावर काळ मागे नेण्याचा परिणामच होत नाही. आपण मागे जातो, किल्ली तिथेच राहते. चौथ्या जगात तर काळ आपल्या पायांना बांधलेला आहे. उजवीकडे चाललं की पुढे सरकतो, डावीकडे वळलं की मागे जातो, थांबलं की सगळंच थांबतं. शत्रू कुठे आहे हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. हे पहिल्यांदा डोक्यात उतरलं तेव्हा मी बटणांवरून हात काढून कागदावर आकृती काढायला बसले. डेव्हिड हेलमन यांची चित्रं जलरंगासारखी, त्यामुळे इतका वेळ एकाच पडद्याकडे बघत बसलं तरी कंटाळा येत नाही. गेममधल्या पुस्तकांवरचा मजकूर मात्र मला जड वाटला. दर जगाच्या आधी येणारे ते हळवे परिच्छेद मी दुसऱ्या वेळी सरळ ओलांडून गेले, आणि कोडी सोडवताना त्यांची उणीव भासली नाही. शेवटची लेव्हल मात्र कुणाकडूनही ऐकू नका, स्वतः खेळा.

आणि हो, ब्रेइडमध्ये काही लपवलेले तारे आहेत. त्यातल्या एकासाठी एक ढग पडदाभर सरकेपर्यंत जवळजवळ दोन तास नुसतं थांबायचं असतं. योगायोगाने स्टीमवर पैसे परत मिळण्याची मर्यादाही दोन तास खेळण्याचीच आहे. तो तारा मी घेतलेला नाही आणि घेणारही नाही.

प्लेडेड कंपनीच्या लिंबोचं कौतुक फार झालंय. काळा-पांढरा धूसर पडदा, जंगलातला तो कोळी, सगळं देखणं आहे. पण पुष्कळदा तो आधी मारतो आणि मग नियम सांगतो, ते मला पटत नाही. त्यांचाच नंतरचा इनसाइड, मॅकवर २०२०ला आलेला, कितीतरी सरस. धोका आधी दिसतो, ऐकू येतो आणि मगच अंगावर येतो. हेडफोन लावूनच खेळा. एका ठिकाणी ठरावीक अंतराने दणके बसतात, आडोशामागून आडोशामागे पळायचं असतं, आणि तिथे डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. मार्टिन स्टिग अँडरसन यांनी त्यातले आवाज माणसाच्या कवटीतून वाजवून रेकॉर्ड केले आहेत. हे कळल्यावर मी रात्री उशिरा तो लावणं बंद केलं.

कीबोर्डवाल्यांसाठी एक सूचना. ज्या गेममध्ये कंट्रोल बटण आणि बाण एकत्र दाबावे लागतात, तिथे मॅकओएस ते स्वतःसाठी समजतं आणि ऐन मोक्याला शेजारचा डेस्कटॉप समोर आणून ठेवतं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकटच्या यादीत मिशन कंट्रोलखालच्या या खुणा काढून टाका, किंवा गेममधलंच बटण बदला. कंट्रोलर असेल तर प्रश्नच नाही: एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनचे कंट्रोलर ब्लूटूथवर थेट जुळतात, आणि मॅकओएसच्या सोनोमा आवृत्तीपासून आलेला गेम मोड फुलस्क्रीनमध्ये त्यांचा प्रतिसाद आणखी चटपटीत करतो. छोट्या गेमांच्या इच डॉट आयओ या साइटवरून उतरवलेला एखादा छोटा गेम ‘उघडता येत नाही’ म्हणून अडला तर त्यानंतरच्या सिक्वोया आवृत्तीपासून जुनी राइट-क्लिकची युक्ती चालत नाही; प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. बनवणाऱ्यावर विश्वास असेल तरच द्या.

थॉमस वॉज अलोन मी भाचीसाठी घेतला आणि तो तिच्यापेक्षा मीच जास्त खेळले. पात्रं म्हणजे नुसते रंगीत आयत. कुणी बुटका, कुणी उंच. निळी क्लेअर पाण्यात तरंगते म्हणून स्वतःला सुपरहिरो समजते. एकमेकांच्या डोक्यावर चढून सगळ्यांना आपापल्या दारात पोचवायचं. कोडी सोपी, जरा जास्तच सोपी, आणि शेवटाकडे तीच तीच वाटतात. पण डॅनी वॉलेस यांचं निवेदन ऐकण्यासारखं आहे. त्यासाठी त्यांना २०१३चा बाफ्टा पुरस्कार मिळाला. भाचीला अजूनही बुटक्या ख्रिसचा राग येतो. सतत कुरकुरतो म्हणे.

ग्रिस मी अर्धवट सोडला. चित्रं अप्रतिम, पण डोक्याला काम नाही.

सध्या फेझ चालू आहे. गोमेझ नावाचं सपाट जगातलं पात्र, डोक्यावर लाल टोपी, आणि एक दिवस जगाला तिसरी मिती असल्याचा शोध. एका बटणाने सगळं जग नव्वद अंशांत फिरतं आणि एकमेकांपासून मैलभर दूर असलेले दोन कठडे शेजारी येऊन बसतात. हा भाग हळूहळू जमतो. मग कळतं की भिंतींवरची नक्षी ही नक्षी नसून लिपी आहे, आकडेही त्यांचे वेगळे आहेत, आणि ते उलगडायला गेम काडीची मदत करत नाही. यातला नकाशा मात्र भयंकर आहे. कुठून कुठे आलो हे त्याच्यावरून शोधण्यापेक्षा पायी फिरणं बरं. गोळा करायच्या बत्तीस घनांपैकी माझे बरेच अजून बाकी आहेत. उत्तरं शोधू नका अशी विनंती, कमेंटमध्ये लिहू तर मुळीच नका.