साडेनऊ हजारांचं ‘स्टुडिओ किट’ आणि एक उसना आवाज

दहावीच्या दृष्टिहीन मुलांसाठी मी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. साताऱ्याला शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, निवृत्त झाल्यावर हे काम अंगावर घेतलं. पहिले दोन धडे मोबाइलवरच केले. ते ऐकून एका मुलीने निरोप पाठवला, “बाई, तुमचं वाचन आवडतं, पण तुम्ही हौदात उभं राहून बोलताय असं वाटतं.” तिचं खरंच होतं. जी मुलं पुस्तक फक्त कानाने वाचतात त्यांना असला आवाज देणं मला बरं वाटेना, म्हणून मी माइक शोधायला लागले आणि 9,500 रुपयांना फसले. घरी बसून वाचन, कथाकथन, पॉडकास्ट करणारे आता पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणी याच वाटेवर असेल तर त्याने पैसे पाठवण्याआधी हे वाचावं.

मोबाइलवर जाहिरात दिसली: माइक, टेबलाला लावायचा स्टँड, फॅन्टम पॉवरचा (माइकला वीज पुरवणारा) डबा, पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ची फुंकर अडवणारी जाळी), भिंतीला लावायचा फोम, सगळं एकत्र, ‘घरच्या घरी स्टुडिओ’. फोन केला. दुकान पुण्यातलं, बोलणारा मुलगा फार आर्जवी. “काकू, अंध मुलांसाठी करताय? मग मी एक पैसा नफा घेणार नाही. तुम्ही मला आईसारख्या.” मी म्हटलं, आधी आवाज कसा येतो ते ऐकव. पाच मिनिटांत त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना पाठवला.

त्या नमुन्याबद्दल नीट सांगते, कारण फसवणुकीचं मूळ तिथेच आहे. चाळीसेक सेकंदांची क्लिप. एक पुरुष घाटातल्या पावसाचं वर्णन वाचतोय. आवाज इतका स्वच्छ की ‘थेंब’ म्हणण्याआधी ओठ विलग झाल्याचं ऐकू यावं. मागे ना पंखा, ना रस्ता. एकाच ठिकाणी, ‘ओथंबलेल्या’ या शब्दाशी, वाचणारा किंचित अडखळला होता. त्याने ‘ओ’ म्हणून श्वास घेतला आणि शब्द पुन्हा उचलला. मुलगा म्हणाला, “हाच माइक, साधी खोली, एडिटिंग काही नाही.” मी ती क्लिप दहा वेळा ऐकली आणि पैसे पाठवले. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं.

खोकं आलं. आत बिल नव्हतं, ‘एस्टिमेट’ असं लिहिलेली चिठ्ठी होती. जीएसटी क्रमांक नाही, माइकच्या कंपनीचं नाव नाही, नुसतं ‘स्टुडिओ माइक किट’. खाली शिक्का: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

जोडलं, बोलले, ऐकलं. माझ्या आवाजाच्या मागे सतत एक सुरसुर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी, आणि तिच्याखाली एक घुमारा. पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, दुपारी बाराच्या उन्हात खिडक्या लावून बसले. सुरसुर हलेना. हौद तर होताच, उलट वाढला. फोमचे सहा पातळ चौकोन भिंतीला चिकटवले होते. ‘रस्त्याचा आवाज आत येणार नाही’ असं त्याने सांगितलं होतं. रिक्षा पूर्वीसारख्याच ऐकू येत होत्या. फोन केला तर म्हणाला, “काकू, नवा माइक आहे, पंधरा दिवसांत मोकळा होईल.” पंधरा दिवसांनी म्हणाला, “तुमच्या लॅपटॉपचं साउंड कार्ड खराब आहे, चार हजारांचा इंटरफेस घ्या, माझ्याकडे आहे.” इंटरफेस म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा. मी नाही म्हटल्यावर फोन उचलणं बंद झालं.

माझा एक जुना विद्यार्थी गणपतीत आणि लग्नांत साउंड लावतो. त्याला बोलावलं. त्याने आधी मला सांगितलं की असल्या उभ्या माइकमध्ये टोकाकडून नाही, समोरच्या बाजूने बोलायचं असतं. हे दुकानदाराने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. बाजू बदलल्यावर आवाज थोडा भरला, सुरसुर तशीच. मग त्याने लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घुमारा एकदम गेला; चार्जरमधून, अर्थिंग नसलं की, ही गुणगुण येते म्हणाला. सुरसुर मात्र राहिलीच.

“बाई, उघडू का?” मी म्हटलं, उघड.

खालची चकती फिरवून त्याने नळकांडं सरकवलं आणि जाळी काढली. बाहेरून माइक माझ्या मनगटाएवढा जाड. आत एका प्लास्टिकच्या खांबावर शर्टाच्या बटणाएवढी कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, बाकी सगळी पोकळी. खोक्यावर ‘लार्ज डायफ्रॅम कंडेन्सर’ छापलेलं होतं. डायफ्रॅम म्हणजे आवाजाने थरथरणारा माइकमधला पडदा; खरा मोठा डायफ्रॅम साधारण एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटरच्या आसपास असतो. फोन-हेडसेटमध्ये असते त्या जातीची ही छोटी इलेक्ट्रेट कॅप्सूल, मोठ्या माइकचे कपडे घातलेली.

मग त्याने फॅन्टम पॉवरचा डबा घेतला. स्टुडिओतल्या खऱ्या कंडेन्सर माइकला साधारणपणे 48 व्होल्ट लागतात, ते एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या जोडणीच्या, दोन आणि तीन नंबरच्या पिनांवर येतात. मानकाप्रमाणे 44 ते 52च्या मध्ये असले तरी चालतात. डब्यावर मोठ्या अक्षरांत 48 होतं. मल्टिमीटरचा काटा अठराच्या आसपास येऊन थांबला. त्याने डबा बाजूला ठेवला, किटमधल्याच दुसऱ्या वायरने माइक सरळ लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावला. आवाज तेवढाच, सुरसुरही तेवढीच. म्हणजे डब्याचे पैसे निव्वळ पाण्यात. असाच माइक, वायर आणि स्टँडसकट, बाराशे-पंधराशेला मिळतो हे त्याने मला तिथल्या तिथे मोबाइलवर दाखवलं.

‘अडासिटी’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात आम्ही पाच सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून मोजली. ऑडिओबुकसाठी एसीएक्स या मंचाची अट अशी आहे की शांततेतला आवाज उणे 60 डेसिबलच्या वर जाता कामा नये. माझी शांतता उणे 41वर होती, म्हणजे अटीपेक्षा बरीच गोंगाटाची. माइक हातात आला की पहिल्या दिवशी ही पाच सेकंदांची चाचणी करा, परतीची मुदत संपायच्या आत. मी महिना घालवला.

एवढं होऊनही मला वाटत होतं की माल हलका निघाला, इतकंच. खरा धक्का पुढच्या आठवड्यात बसला. आमच्यासारख्या वाचणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलं, हा 14,000चा माइक घेऊ का, आवाज सुंदर आहे, ऐका. मी क्लिप लावली. घाटातला पाऊस. ‘ओ’, श्वास, ‘ओथंबलेल्या’. तोच माणूस, तीच अडखळण, सेकंदाचाही फरक नाही. माइकचं नाव आणि किंमत तेवढी वेगळी. माझ्या अंगावर काटा आला. एकतीस वर्षं मुलांची वाचनं ऐकली आहेत, एकाच ठिकाणी माणूस दोनदा तसाच अडखळत नाही हे मला कळतं. ती क्लिप कुठल्या माइकवर झाली असेल कुणास ठाऊक, माझ्याकडे आलेल्या माइकवर नाही हे नक्की. ताईंचे पैसे वाचले, याचं मला फार समाधान आहे.

म्हणून नमुना मागायचा तर असा मागा: विकणाऱ्याला त्या दिवसाची तारीख आणि तुमचं नाव त्या माइकमध्ये बोलायला लावा, आणि मागचा पंखा चालू ठेवायला सांगा. खरा माल असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. जमलं तर दुकानात जाऊन स्वतःच्या आवाजात ऐका, स्वतःचा हेडफोन नेऊन.

आता मी साध्या वायरच्या कॉलर माइकवर वाचते, हजाराच्या आतला, मोबाइलला लागणारा. घेताना जॅकवरच्या काळ्या रेघा मोजल्या: मोबाइलला तीन रेघांचा जॅक लागतो, दोन रेघांचा लावला तर फोन माइकला ओळखतच नाही. कपाट उघडं ठेवून साड्यांकडे तोंड करून बसते, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या, माइक तोंडापासून एका वितीवर. त्या मुलीने सांगितलेला हौद गेला. तो खोलीतला होता, मोकळ्या भिंतींचा होता, आणि नऊ हजारांचा काय, नव्वद हजारांचा माइकही तो घालवू शकला नसता. ज्याला हे ठाऊक असतं तो दुकानदार आधी खोलीबद्दल विचारतो. मला माइक विकणाऱ्या त्या मुलाने खोलीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पैशांचं सांगते. ‘माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का पाहून मी खचले होते, पण 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पक्कं बिल न देणंही त्यातच येतं. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याची नोंद, मल्टिमीटरचा फोटो आणि उघडलेल्या माइकचा फोटो जोडला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारीही केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही. तक्रार गेल्यावर चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, चार हजार देतो, तक्रार मागे घ्या. मी नकार दिला. पूर्ण रक्कम आणि पक्कं बिल, दोन्ही मागितलं आहे.

ती क्लिप मी पुसलेली नाही. तुम्हाला कुणी माइकचा नमुना म्हणून घाटातल्या पावसाचं वर्णन पाठवलं, पुरुषाचा आवाज असला आणि ‘ओथंबलेल्या’पाशी तो श्वास घेऊन पुन्हा सुरू झाला, तर पैसे पाठवू नका. तारीख आणि स्वतःचं नाव बोलून दाखवायला सांगा, आणि तो काय करतो ते बघा.