बंपरच्या रंगात मी फसलो, तुम्ही फसू नका

कोल्हापूरकरांनो, गाडीचा बंपर रिपेअर करून रंगवून घेणार असाल तर हे आधी वाचा. एप्रिलमध्ये शाहूपुरीत पार्किंगमधून मागं घेताना खांबाला गाडी लागली आणि मागच्या बंपरला वीतभर चीर पडली. उद्यमनगरातल्या एकानं ६५०० सांगितले, त्यात ८०० रुपये खास प्लास्टिकच्या प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, आणि वर दोन वर्षं रंगाला काय होत नाही अशी तोंडी गॅरंटी. गाडी मिळाली तेव्हा रंग असा झकास जुळलेला की चीर कुठं होती ते मलाच सापडेना, त्यामुळं बिलबिल काय मागितलं नाही, तिथंच चुकलो.

जुलैत पावसाचा चिखल काढायला गाडी वॉशिंगला दिली आणि प्रेशरचं पाणी लागताच तळहाताएवढा पोपडाच सुटून आला. हातात घेऊन बघितला तर मागच्या बाजूला राखाडी प्रायमर तसाच चिकटलेला आणि खाली बंपर काळाकुट्ट, स्वच्छ, जणू त्याला कधी रंग लागलाच नव्हता. चिरेवर भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, पण तडकलेली. परत गेलो तर म्हणतो दगड लागला असंल.

मग दुसऱ्या एका जुन्या पेंटर मामांकडं गेलो. त्यांनी बंपरच्या आतल्या बाजूचा शिक्का दाखवला, पीपी प्लस ईपीडीएम, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक आणि त्यात मिसळलेलं रबर. म्हणाले, ह्या प्लास्टिकला रंग सहजासहजी धरतच नाही, घासून उघडं केलं की आधी ॲडहेजन प्रमोटर, म्हणजे प्लास्टिकला रंग धरायला लावणारा थर, मारावा लागतो, मगच प्रायमर. तुमच्यावर नुसता पत्र्याचा प्रायमर मारलाय. आणि लांबी पण पत्र्याचीच, ती कडक असते, बंपर उन्हात फुगतो, धक्क्याला वाकतो, ती वाकत नाही म्हणून तडकते. म्हणजे ८०० घेतले त्या मालाचा थेंबसुद्धा लावला नव्हता! पैशापेक्षा ह्याचाच राग जास्त आला.

तुम्ही काम देताना प्रमोटरचा डबा डोळ्यानं बघा, प्लास्टिकची लवचिक लांबी वापरणार का विचारा, पॉलिश पेपरनं घासून झाल्यावर आणि प्रायमरनंतर फोटो मागा, आणि गॅरंटी बिलावर लिहून घ्या. रंग पुरता वाळला की आठ-दहा दिवसांनी कडेला चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढून बघा, रंग पट्टीबरोबर आला तर त्याच दिवशी गाडी परत न्या. मामांनी सगळं खरवडून नव्यानं केलं, ५५०० घेतले, तिन्ही दिवस मी तिथंच स्टूल टाकून बसलो होतो. तो पोपडा अजून डिकीत ठेवलाय, कुणाला बघायचा असेल तर दाखवीन.