कुरकुर बीबीची नव्हे, सीटची: सायकलच्या मूळ सीटला निरोप

सायकलसोबत आलेली सीट अखेर काढली. वरून बघाल तर धडधाकट आहे. कव्हर एकसंध, शिलाई घट्ट, जुन्या बाजारात कुणीही हसत घेऊन जाईल अशी. आणि तरी ती पूर्ण कामातून गेली होती. हे कळेपर्यंत माझे चौदाशे रुपये भलतीकडेच गेले, त्याचा राग अजून आहे, तेव्हा थोडं तिखट लागलं तर चालवून घ्या.

कव्हर एकसंध होतं कारण ते मीच नवं करून घेतलं होतं. उन्हाळ्यात पुढच्या नाकाशी ते फाटलं. फाटक्या कव्हरातून पावसाचं पाणी आत शिरलं की फोम ते पितो, आणि मग दोन दिवस ऊन दिलं तरी बसलं की पँट ओली. म्हणून पावसाळ्याआधी स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी जुनं कव्हर उचकटून रेक्झिन ताणून बसवलं, अडीचशे रुपयांत. तेव्हा माझं ठाम मत झालं की सीट बदलायची कशाला, शिवून घ्यावी. ओळखीच्या चार जणांना काकांचा पत्ताही दिला.

पावसाळा सरता सरता कुरकुर सुरू झाली. प्रत्येक पॅडलला एक, डाव्या पायाला जरा जास्त. खडकवासल्याच्या रस्त्याला सकाळी रहदारी नसते, तेव्हा तर स्वतःचीच लाज वाटावी इतका आवाज. दुकानात नेली. पोराने क्रँक (पॅडलचा दांडा) हलवून बघितला न बघितला आणि म्हणाला, "बीबी गेली." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्या बेअरिंगवर फिरतो तो भाग. बदलली. पैसे दिले, गेटबाहेर पडलो, आणि पहिल्याच चढाला कुरकुर. परत गेलो तर मालक म्हणतात, "साहेब, बीबी तशीही जायलाच आली होती." जुनी दाखवा म्हटलं, तर भंगारात टाकली. यापुढे काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय मी बिल देणार नाही, तुम्हीही देऊ नका.

खरं तर दुकानात जाण्याआधी एक चाचणी फुकटात होते. उभं राहून पॅडल मारा. आवाज थांबला तर संशय सीटवर आणि सीटपोस्टवर (सीट ज्या दांड्यावर बसते तो). मग उतारावर पॅडल बंद ठेवून बसल्या बसल्या कंबर डावीउजवीकडे हलवा. क्रँक फिरतच नसताना कुरकुर आली, तर बीबीचा काय संबंध? यानंतरही लगेच सीट फेकू नका. सीटपोस्ट बाहेर काढून पुसा, ग्रीस लावून परत घाला (कार्बनचा असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते). सीट सीटपोस्टला धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सोडून रेल (सीटखालच्या दोन सळ्या) जिथे धरले जातात तिथली माती काढा आणि क्लॅम्पवर छापलेल्या टॉर्कइतकं (आवळायच्या जोराइतकं) आवळा. निम्म्या कुरकुरी इथेच मिटतात.

माझी मिटली नाही. मग सीट काढून उलटी धरली, आणि या सगळ्या प्रकरणातली एकमेव कामाची गोष्ट दिसली. मागच्या बाजूला रेल ज्या प्लॅस्टिकच्या खोबणीत घुसतो, तिथे डावीकडे केसाएवढी रेघ आणि तिच्या कडेला राखाडी भुकटी. अंगठ्याने रेल दाबला की रेघ उघडायची, सोडला की मिटायची. प्लॅस्टिकवर धातू घासून घासून ती भुकटी झालेली. वरचं रेक्झिन काकांनी कितीही छान शिवलं असो, खालचा सांगाडा तडकला की शिवण्यात अर्थ नाही. काकांबद्दलचं मत कायम आहे, फक्त त्यांच्याकडे जाण्याआधी सीट उलटी करून बघा.

उलटी केलीच आहे तर रेलही बघा. वाकलाय का, क्लॅम्पखाली गंजलाय का. रेलवर मागेपुढे मर्यादेच्या खुणा असतात. उंच माणसं सीट पार मागे ढकलतात आणि खुणेच्या बाहेर क्लॅम्प आवळतात, तिथे रेल वाकतो. मग सायकल उभी करून मागून डोळ्याच्या रेषेत बघा, एक बाजू खाली झुकलेली दिसली तर विषय संपला. चामड्याच्या सीटचं गणित निराळं. ब्रुक्सची बी-17 सैल पडली तर नाकाखालचा बोल्ट फिरवून चामडं ताणता येतं. आपल्या फोमच्या सीटला असा दुसरा जन्म नाही.

आणि शरीर आधीच सांगत असतं. हँडल, उंची, चड्डी काहीच बदललेलं नसताना अचानक मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येऊ लागला, तर फोम बसलाय. बसायची हाडं आत रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. यावर जेलचं जाड कव्हर चढवणं म्हणजे त्या मधल्या भागावर आणखी दाब. मी तेही विकत घेतलं होतं, आता ते पाटावर घालून भाजी निवडायला बसतात.

नवी सीट घेताना रुंदी बघा, मऊपणा नव्हे. नालीदार पुठ्ठ्यावर पाय जरा उंच ठेवून बसा, दोन खड्डे पडतात, त्यांच्या मध्यातलं अंतर मोजा आणि त्यात दोनेक सेंटिमीटर मिळवा. रेल बहुतेक सगळीकडे 7 मिलिमीटरचे गोल, म्हणजे जुना सीटपोस्ट चालतो. जुनी काढण्याआधी बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत टेपने माप घेऊन ठेवा. नव्या सीटचा फोम ताजा, जाड. ते माप न लावता चालवलीत तर गुडघे तक्रार करतील.

नवी सीट साधी, कडक, मधोमध लांब फट असलेली. बधिरपणा गेला, कुरकुर गेली. पण या फटीबद्दल कुणी बोलत का नाही? मडगार्ड नसेल तर मागचं चाक रस्त्यावरचं सगळं पाणी नेमकं त्या फटीतून वर मारतं. अवकाळीच्या एका सरीत ऑफिसला जसा पोचलो, ते सांगण्यासारखं नाही. मडगार्ड सहाशेला म्हणाले. मी तेलाचा पाच लिटरचा कॅन कापून त्याची पट्टी झिप टायने रेलखाली बांधली. पाणी थांबलं. दिसते भयंकर, आणि टाय घासून रेलचा रंग निघतोय का ते दर रविवारी बघावं लागतं.