अ‍ॅम्प्युअर एक्सपी, ब्लूपिपिन आणि एसआरई: डीएनए साइझ सिलेक्शनसाठी काय घ्यावं

साइझ सिलेक्शन म्हणजे मिश्रणातून हव्या त्या लांबीचे डीएनएचे तुकडे वेगळे काढणं. आधी निकाल. इल्युमिनाच्या सिक्वेन्सरसाठी नेहमीच्या शॉर्ट-रीड लायब्ररी (आखूड तुकडे वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेले डीएनए नमुने) करणाऱ्या लॅबला बेकमन कूल्टरच्या अ‍ॅम्प्युअर एक्सपी बीड्स आणि एक बरा मॅग्नेट स्टँड पुरतो. सेज सायन्सचं ब्लूपिपिन हे जेलवर तुकडे वेगळे करणारं मशीन लांबीची अरुंद रेंज हवी असेल किंवा लाँग-रीडचं (लांब तुकडे वाचण्याचं) काम नियमित असेल तरच घ्यावं. ठरावीक मुदतीच्या कॅसेट नुसत्या पडून राहणार असतील तर ते मशीन पांढरा हत्ती ठरतं. लाँग-रीडसाठी फक्त छोटे तुकडे काढायचे असतील तर एसआरई (शॉर्ट रीड एलिमिनेटर) हे किट पुरतं.

बीड्सचं तत्त्व सोपं आहे. पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आणि मीठ यांच्यामुळे डीएनए द्रावणातून बाहेर ढकलला जातो आणि कार्बोक्सिल लेप असलेल्या चुंबकीय कणांना चिकटतो. लांब तुकडे आधी चिकटतात. म्हणून सॅम्पलच्या किती पट बीड्स घातल्या, यावर कुठला तुकडा राहणार हे ठरतं. १.८ पटीला १०० बेस पेअरच्या (डीएनएची लांबी मोजायचं एकक) वरचं जवळपास सगळं राहतं. प्रमाण कमी करत जाल तसे छोटे तुकडे सुटत जातात.

दोन्ही बाजूंनी कापायचं, म्हणजे फार मोठे आणि फार छोटे दोन्ही तुकडे काढायचे, तर ५० मायक्रोलिटर सॅम्पलमध्ये आधी ०.६ पट, म्हणजे ३० मायक्रोलिटर बीड्स. मोठे तुकडे बीड्सवर अडकतात. इथे सुपरनेटंट (वरचा द्रव) ठेवायचं, बीड्स बाजूला काढायच्या. (घाईत नेमकं उलटं होतं, म्हणून शेवटचं रीडिंग येईपर्यंत काहीच फेकू नये.) मग त्या ८० मायक्रोलिटरमध्ये आणखी १० मायक्रोलिटर, म्हणजे मूळ ५० च्या ०.२ पट, एकूण ०.८. या वेळी हवे ते तुकडे बीड्सवर राहतात. दुसरा हिशोब ८० वर केला तर १६ मायक्रोलिटर पडतात, प्रमाण ०.९२ वर जातं आणि जे छोटे तुकडे काढायचे होते तेच परत येतात.

लायब्ररी बिघडली की बीड्सच्या लॉटला (बॅचला) दोष दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण द्रवाच्या आकारमानात असतं. थर्मल सायकलरमधून (पीसीआरचं यंत्र) ५० मायक्रोलिटर बाहेर येतील असं धरून चालतात. बाष्पीभवनाने ४६ उरलेले असतात. पिपेटने मोजून बफरने ५० करून घ्यावं. दुसरी गोम लायगेशनची, म्हणजे डीएनएची टोकं जोडण्याच्या पायरीची: लायगेज बफरमध्ये बहुतेकदा स्वतःचं पीईजी असतं, त्यामुळे तिथे ०.८ हे ०.८ राहत नाही. आधी साधं क्लीनअप, मगच साइझ सिलेक्शन. नाहीतर त्या किटच्या तक्त्यातलंच प्रमाण वापरावं. बीड्स अर्धा तास बाहेर ठेवून रूम टेंपरेचरला आणाव्यात, व्होर्टेक्सवर हलवून एकसारख्या कराव्यात, आणि द्रव दाट असल्यामुळे टिपच्या बाहेर लागलेला थेंब पुसून मगच सोडाव्यात.

८०% इथेनॉल त्या दिवशीचंच हवं. जुन्या बाटलीतलं अल्कोहोल उडून पाण्याचं प्रमाण वाढतं आणि धुताना डीएनएच सुटून जातो. सुकवताना घड्याळ बघू नका, पेलेट (मॅग्नेटपाशी जमलेला बीड्सचा गोळा) बघा: चमक गेली की पुरे. तडे दिसले म्हणजे जास्त सुकलं, मग डीएनए नीट उतरत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात आणि एसीच्या कोरड्या हवेत हा वेळ एकसारखा नसतो.

बजेट तंग असेल तर सेरा-मॅग या चुंबकीय कणांपासून घरची बीड्स करता येतात: ०.१% कण, १८% पीईजी ८०००, १ मोलर मीठ, ट्रिस, ईडीटीए, थोडं ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य). उत्तम चालतात, पण प्रत्येक नवीन बॅच डीएनए लॅडरवर (ठाऊक लांबीच्या तुकड्यांच्या मिश्रणावर) तपासल्याशिवाय खऱ्या सॅम्पलला लावू नये.

आता ब्लूपिपिन. कॅसेटमध्ये जेलच्या ५ लेन. बाहेरचा मार्कर (तुलनेसाठी ठाऊक लांबीचा डीएनए) वेगळ्या लेनमध्ये वापरला तर सॅम्पलला ४. २% जेलची कॅसेट १०० ते ६०० बेस पेअरसाठी, ०.७५% ची काही हजारांच्या तुकड्यांसाठी. बीड्सने न जमणारा धारदार कट इथे मिळतो, आणि लेन वेगळ्या असल्याने सॅम्पल एकमेकांत मिसळत नाहीत. पण सॅम्पल टीई बफरमध्येच (ट्रिस आणि ईडीटीए) हवं. जास्त मिठाने डीएनएची चाल बदलते आणि स्क्रीनवरचा आकार खोटा ठरतो. लेनमध्ये ५ मायक्रोग्रॅमच्या वर ओतलं तरी तेच. कॅसेट लावण्याआधी तिरकी करून इल्युशन कप्प्यांमागचे (जिथे वेगळा झालेला डीएनए जमतो) बुडबुडे काढावेत. रन संपल्यावर लगेच उपसू नका. पाऊण तास थांबलं की कप्प्याच्या पडद्याला चिकटलेला डीएनए बराच सुटतो, आणि ०.१% ट्वीनने एकदा धुतलं की राहिलेल्यातलाही काही हाती लागतो. तरी नुकसान होतंच, तेव्हा थोडक्या सॅम्पलला हे मशीन नको.

लाँग-रीडसाठी फक्त छोटा कचरा काढायचा असेल तर मूळ सर्क्युलोमिक्सचं, आता पॅकबायोचं, शॉर्ट रीड एलिमिनेटर स्वस्त आणि सोपं आहे: ६० मायक्रोलिटर सॅम्पल, तेवढाच किटचा बफर, १०,००० जीला (गुरुत्वाच्या १०,००० पट) अर्धा तास सेंट्रिफ्यूज. पेलेट दिसत नाही, म्हणून ट्यूबची बाहेरची बाजू आधीच पेनाने खुणावून ठेवा आणि समोरच्या भिंतीकडून उपसा. सॅम्पल ५० ते १५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर हवं, आणि तो आकडा क्युबिटचा (फक्त डीएनए मोजू शकणारं यंत्र). आरएनए शिल्लक असेल तर नॅनोड्रॉप (प्रकाशशोषणावरून मोजणारं यंत्र) आकडा फुगवून सांगतो. नेहमीचा एसआरई २५ किलोबेसखालचे (१ किलोबेस म्हणजे १,००० बेस) तुकडे टप्प्याटप्प्याने कमी करतो, सुरीसारखा कापत नाही. २० किलोबेसच्या आसपास तुटलेल्या डीएनएवर तो वापरला तर हातात जवळपास काहीच उरत नाही. तिथे एसआरईचा १० किलोबेसचा एक्सएस हा प्रकार घ्यावा.